कल्पिटियाला काईटसर्फिंग शिकायचंय, पण रजा आठवड्याचीच आहे

तुम्ही विचारलंत म्हणून काईटसर्फिंगबद्दल, म्हणजे वाऱ्यावरच्या मोठ्या काईटने ओढून घेत बोर्डवर उभं राहून पाणी कापण्याच्या खेळाबद्दल, लिहितोय. प्रश्न साधारण असा असतो: "जूनमध्ये आठवडाभर रजा आहे, पोहता येतं, लहानपणी पतंगही भरपूर उडवलेत. श्रीलंकेत कल्पिटियाला जाऊन काईटसर्फिंग शिकता येईल का? तयारी काय करू?"

येईल. जून महिनाही योग्य आहे. फक्त रजा दोन दिवस वाढवा, आणि विमानाचं तिकीट काढण्याआधी पुढचं वाचा.

आधी जूनबद्दल, कारण "भर पावसात समुद्रावर कशाला जायचं?" असं घरातलं कोणीतरी विचारतंच. आपल्याकडे कोकणात पाऊस घेऊन येणारा नैऋत्य मोसमी वाराच कल्पिटियाला वाहत असतो. पण श्रीलंकेत त्याचा पाऊस मुख्यतः बेटाच्या नैऋत्य भागात आणि मधल्या डोंगरांवर पडतो. कल्पिटिया वायव्येला, पुत्तलम जिल्ह्यात, कोरड्या पट्ट्यात आहे. पुत्तलमला मिठागरं आहेत, यावरूनच ओळखा. तिथे जून ते सप्टेंबर ऊन असतं, पाऊस क्वचित आणि वारा जवळजवळ रोज. कोकणात तोच वारा उधाणाच्या लाटा घेऊन थेट किनाऱ्यावर आदळतो आणि काळा ढग आला की क्षणात दुप्पट होतो. म्हणून पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर हा खेळ शिकायचा नाही, कितीही वारा दिसला तरी.

कल्पिटियाचे हंगाम दोन. मोठा हंगाम मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत, १८ ते २५ नॉट, कधी त्याहून जास्त. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, तेव्हा २० नॉट म्हणजे ताशी ३७ किलोमीटर. छोटा हंगाम डिसेंबरच्या उत्तरार्धापासून मार्चच्या मध्यापर्यंत. तेव्हा वारा हलका असतो आणि एखाद दिवस दांडीही मारतो. एप्रिल आणि नोव्हेंबरमध्ये जाऊच नका, स्वस्तात खोली मिळाली तरी. जुलै-ऑगस्टमध्ये युरोपातल्या सुट्ट्यांमुळे लगूनमध्ये, म्हणजे वाळूच्या पट्ट्याआडच्या उथळ पाण्यात, गर्दी होते. नवशिक्याला गर्दीचा त्रास जास्त, कारण काईट आणि माणूस यांच्यात वीसेक मीटर दोऱ्या असतात आणि त्या दुसऱ्याच्या दोऱ्यांत अडकायला वेळ लागत नाही. माझं मत विचाराल तर जूनचा दुसरा पंधरवडा किंवा सप्टेंबर.

आता रजेचा हिशोब. ही सुट्टी दिवसांत मोजली की फसते, ती पाण्यातल्या तासांत मोजायची. अजिबात काही येत नसलेल्या माणसाला बोर्डवर उभं राहून थोडं अंतर कापता यायला साधारण ९ ते १२ तासांचं शिक्षण लागतं. दिवसाला अडीच-तीन तासांहून जास्त शिकून उपयोग नसतो. दंड आणि मांड्या थकल्या की चुका वाढतात आणि पैसे पाण्यात जातात. म्हणजे शिकण्याचे पाच दिवस. त्यात वारा पडण्याचा किंवा फार चढण्याचा एक दिवस धरा, अंग दुखून बसल्यामुळे विश्रांतीचा एक, आणि जाण्यायेण्याचे दोन. झाले नऊ. शनिवारी निघून पुढच्या रविवारी परत, असा नऊ दिवसांचा बेत जमतो. चार रात्रींचं पॅकेज घेणारे बहुतेक जण बॉडी ड्रॅगपर्यंत पोचतात, म्हणजे बोर्डशिवाय, पाण्यात पालथं पडून काईटने स्वतःला ओढून नेण्यापर्यंत, आणि मग घरी येऊन सगळं विसरतात.

त्या तासांत काय होतं ते माहीत असेल तर घाई करावीशी वाटत नाही. पहिला वर्ग वाळूवरच असतो: काईट फुगवणं, दोऱ्या जोडणं, सुटका करून घेणं, आणि लहान काईटवर वाऱ्याची खिडकी, म्हणजे काईट जिथे उडू शकतो तो समोरचा भाग, समजून घेणं. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा आणि समोर घड्याळ आहे असं समजा. डोक्यावर १२, डावीकडे ९, उजवीकडे ३. काईट या कडांवर असतो तेव्हा ओढ कमी, आणि समोर मधोमध आला की ओढ एकदम वाढते. मग पाण्यात काईट सांभाळणं, मग बॉडी ड्रॅग. त्यातही वाऱ्याच्या वरच्या अंगाला जाण्याचा बॉडी ड्रॅग नीट जमेपर्यंत बोर्ड मागू नका, कारण पडल्यावर हातून सुटलेला बोर्ड परत आणायचा तोच एक मार्ग असतो. त्यानंतर वॉटर स्टार्ट, म्हणजे काईटच्या ओढीने पाण्यातून बोर्डवर उभं राहणं. आणि जिथून निघालो तिथेच परत येता येणं ही त्याच्याही पुढची पायरी. ती बहुतेकांना पहिल्या सहलीत जमत नाही. वाऱ्याबरोबर लगूनच्या दुसऱ्या टोकाला जायचं आणि काखेत बोर्ड धरून चालत परत यायचं, हा शिकण्याचाच भाग आहे.

कल्पिटियाचं लगून यासाठीच चांगलं. मोठ्या हंगामातला वारा समुद्रावरून येतो, मधला वाळूचा अरुंद पट्टा ओलांडतो आणि लगूनवर पोचतो. लाटा पट्ट्यापलीकडेच राहतात, वारा मात्र पुरता मिळतो. पाणी सपाट, बऱ्याच ठिकाणी कमरेएवढं. पडलात तरी उभं राहता येतं. पट्ट्याच्या बाहेरच्या समुद्रात मात्र याच दिवसांत चांगली खळबळ असते. तिकडे पहिल्या सहलीत जायचं नाही.

पतंग उडवल्याचा अनुभव उपयोगी पडतो आणि नडतोही. उपयोगी असा, की वाऱ्याची दिशा अंगाला कळते. नडतो तो घाबरल्यावर. पतंग गोता खायला लागला की आपला हात मांजा खेचतो. काईटचा बार, म्हणजे दोऱ्या जोडलेला हातातला दांडा, घाबरून छातीशी ओढलात की काईट आणखी ताकदीने ओढतो, माणूस पुढे फेकला जातो, आणि तोल सावरायला तो बार आणखी घट्ट धरतो. इथे उलट करायचं. घाबरलात की ढील. बार सोडून द्या, तो आपोआप दूर सरकतो आणि काईटची बरीचशी ओढ जाते. तरीही ओढ थांबली नाही तर दुसरी पायरी: कमरेच्या हुकापाशी असलेला क्विक रिलीज अंगापासून दूर ढकलायचा. काईट एकाच दोरीवर राहतो आणि चपटा होऊन पडतो. तिसरी पायरी क्वचित लागते, म्हणजे आपला काईट दुसऱ्याच्या दोऱ्यांत अडकून तो तुम्हाला ओढत असेल तर. तेव्हा लीशचा, म्हणजे काईटला अंगाशी बांधून ठेवणाऱ्या दोरीचा, रिलीज ओढून काईट पूर्ण सोडून द्यायचा. या तिन्ही पायऱ्या डोळे मिटून, दहा-बारा वेळा, किनाऱ्यावर करून बघा. शाळेने करून घेतल्या नाहीत तर मागून घ्या.

मांजाची दुसरी सवयही घरीच ठेवून या. ताणाखालची दोरी हातात धरायची नाही आणि बोटाला गुंडाळायची तर मुळीच नाही. ती जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची असते आणि कातडी सहज कापते.

अपघात पाण्यापेक्षा वाळूवर जास्त होतात, आणि त्यांचं मूळ अनेकदा दोऱ्यांच्या चुकीच्या जोडणीत असतं. काईट फुगवताना पंपाच्या काट्यावर साधारण ६ ते ८ पीएसआय हवा. नेमका आकडा काईटवर छापलेला असतो. कमी हवा भरली तर काईट मधे दुमडतो आणि पाण्यातून पुन्हा उठत नाही. फुगवला की पुढची जाड नळी वाऱ्याकडे करून पालथा ठेवायचा आणि नळीलगतच्या कापडावर ओंजळ-ओंजळ वाळू टाकायची. वाळू न टाकलेला काईट उडाला तर किनाऱ्यावरच्या माणसाला लागतो. मग बारपासून काईटपर्यंत दोऱ्यांमधून बोटं फिरवत चालत जायचं, प्रत्येक दोरी वेगळी झाली पाहिजे. लाल बाजू डावीकडे. जोडून झालं की परत बारपाशी या, चारही दोऱ्या एकेक उचलून डोळ्यांच्या रेषेत धरा आणि काईटपर्यंत नजर न्या. कुठेही फुली दिसली तर सोडून पुन्हा जोडा. दोरी उलटी जोडलेला काईट उडाल्याबरोबर गरगर फिरतो, आणि तेव्हा विचार करायला वेळ नसतो.

उडवायला दुसरा माणूस हवाच. तो काईट धरून उभा असताना कापड फडफडत असेल तर काईट खिडकीच्या कडेबाहेर आहे, तुम्ही दोन-तीन पावलं वाऱ्याकडे सरका. अजिबात न फडफडता ओढ लागत असेल तर तो फार आत आहे, उलट दिशेला सरका. कापड नीट भरलं आणि ओढ हलकी राहिली की मगच अंगठा दाखवायचा.

काईटच्या मापाबद्दल लोक फार विचारतात. २० नॉटला ७५ किलोच्या माणसाला साधारण ९ चौरस मीटर, ५५ किलोच्या माणसाला ७. शिकताना याहून एक माप लहान. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून १५ चा २० नॉट झाला की ओढ पावणेदोन पट होते. अंदाज पाहताना सरासरी आणि झोत असे दोन्ही आकडे बघा. दोन्हींत १० नॉटहून जास्त फरक असेल तर तो दिवस नवशिक्याचा नाही. पहिल्या सहलीला स्वतःचं सामान विकत घेऊ नका, ते शिकण्याच्या फीमध्ये मिळतं.

शाळा निवडताना फोटोंवर जाऊ नका, हे विचारा. एका शिक्षकामागे विद्यार्थी किती? दोनपर्यंत ठीक. शिक्षकाकडे आयकेओ किंवा व्हीडीडब्ल्यूएस या शिक्षकांना प्रमाणित करणाऱ्या संस्थांचं चालू प्रमाणपत्र आहे का? हेल्मेटमध्ये रेडिओ आहे का? हे महत्त्वाचं, कारण वाऱ्यात ५० मीटरवरचा आवाज ऐकू येत नाही. वारा नसेल तर तासांचे पैसे परत की फुकट गेले? सुटकेची बोट आहे का आणि तिचे वेगळे पैसे लागतात का? काईट फाटला तर कोणी भरायचे? दर बहुधा युरो किंवा डॉलरमध्ये सांगतात. प्रवासविम्यात साहसी खेळ सर्रास वगळलेले असतात. पॉलिसीत काईटसर्फिंग किंवा काईटबोर्डिंग हा शब्द स्वतः वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

तयारी शरीराची. काईट चालवायला जोर लागत नाही, पण पाण्याची भीती चालत नाही. जॅकेटशिवाय खोल पाण्यात दहा मिनिटं शांतपणे तरंगता येत नसेल तर आधी महिनाभर तलावावर जा. हार्नेस, म्हणजे काईट ज्याच्या हुकाला अडकवतात तो कमरेचा पट्टा, सैल असेल तर वर सरकून बरगड्यांवर बसतो आणि दुसऱ्या दिवशी खोकतानाही दुखतं. पहिले दिवस मांड्यांतून पट्टे जाणारा, बसका हार्नेस मागा. आत लांब बाह्यांची लायक्रा घाला, नाहीतर कंबर सोलवटते. तळाला शिंपले असतात, म्हणून पातळ तळव्याचे पाण्यातले बूट न्या. पायाला कापलं की जखम दिवसभर ओली राहते आणि सुकत नाही. बीटाडीन आणि पाण्यात न सुटणाऱ्या पट्ट्या बरोबर ठेवा. नाक आणि ओठांना झिंकचा जाड लेप लावा. साधं सनस्क्रीन वितळून डोळ्यांत उतरतं आणि मग काईटकडे बघता येत नाही. चष्मा असेल तर मागे पट्टा, आणि चष्मा जुना. पाणी दीड-दोन लिटर आणि ओआरएस. दुपारी जेवून लगेच उतरू नका.

जाणं सोपं आहे. मुंबईहून कोलंबोला थेट विमान, सुमारे अडीच तास. विमानतळ कटुनायकेला, निगोंबोजवळ, कोलंबोच्या उत्तरेला आहे, म्हणजे शहरात शिरायची गरज नाही. तिथून चिलाव, मग पुत्तलमच्या अलीकडे पालाविया फाट्यावरून डावीकडे, आणि भूशिरावर पवनचक्क्या दिसू लागल्या की जवळ आलात. गाडीने तीन-चार तास. विमान रात्री उतरत असेल तर निगोंबोला झोपा आणि पहाटे निघा. ईटीए, म्हणजे श्रीलंकेची ऑनलाइन प्रवेश-परवानगी, सरकारी संकेतस्थळावरच काढा. शुल्क आणि नियम बदलतात, तिकीट काढतानाच पाहून घ्या. ऑगस्टमध्ये जात असाल तर याच भूशिरावर तलाविलाला संत अॅनच्या चर्चची मोठी जत्रा असते, त्या दिवसांत रस्ते आणि खोल्या दोन्ही भरतात.

जेवण आपल्याला जमणारं आहे: भात, परिप्पू म्हणजे नारळाच्या दुधातली मसूर डाळ, अप्पम, शेवयांसारखे इडियप्पम. शाकाहारी असाल तर एक गोष्ट नीट सांगा. पोल सांबोल म्हणजे ओल्या नारळाची तिखट चटणी, आणि बऱ्याच भाज्याही, यांत सुक्या माशाचा चुरा असतो. त्याला उंबलकड म्हणतात. नुसतं "व्हेज" म्हटलं तर मासा भाजीत मोजला जात नाही असं समजू नका, "उंबलकड नको" असं सांगा.

बरोबर येणारा माणूस शिकणार नसेल तर त्यालाही खरं सांगून न्या. कल्पिटियाचे डॉल्फिन बघायचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. जूनमध्ये बाहेरचा समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे त्या फेऱ्या धरू नका. विल्पट्टूचं राष्ट्रीय उद्यान जवळ आहे, एक दिवस तिकडे जातो. बाकी वाळू, वारा आणि पुस्तक. हे ज्याला चालत नाही त्याच्यासाठी खोली निगोंबोला घ्या.

आणि पासपोर्ट नसेल किंवा ईटीएचा व्याप नको असेल तर रामेश्वरम आहे. पांबन बेटावरही पावसाळी नैऋत्य आणि हिवाळी ईशान्य असे दोन्ही वारे मिळतात, वरचा सगळा हिशोब तसाच लागू. गोव्यात मोरजीला हिवाळ्याच्या दुपारी खारा वारा येतो, पण तो हलका, बहुधा १० ते १४ नॉट. मोठा काईट लागतो आणि दिवसाला दोन तास मिळाले तरी खूप. ज्याला थोडंफार येतं त्याला मोरजी चालेल. पहिल्यांदा शिकणाऱ्याने जूनमधली रजा नऊ दिवसांची करून घ्यावी.