घरचा लॅब, नोंद ४ : पाहुण्यांचा वायफाय आणि आठ दिवसांची लीझ

ऑफिसात गेस्ट वायफायची रोज दुपारी तीच रड. फोन ‘आयपी अ‍ॅड्रेस मिळवत आहे’ यावरच अडकतो, लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसतो, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरनं हात वर केलेत. स्कोप, म्हणजे वाटायच्या पत्त्यांचा साठा (पूल), /२३ चा; गेटवे (राउटरचा पत्ता) वगळून ५०९ पत्ते. एवढे पत्ते संपतात कसे?

माझा पहिला संशय फोनच्या रँडम मॅकवर होता (मॅक म्हणजे उपकरणाची ओळख, ती बदलली की सर्व्हरला नवा पाहुणा वाटतो), आणि तो चुकला. अँड्रॉइड १० पासून फोन खोटा मॅक देतो खरा, पण एका वायफायसाठी सहसा तोच ठेवतो. मग लीझकडे, म्हणजे दिलेला पत्ता किती काळ राखून ठेवायचा त्या मुदतीकडे, बघितलं तर आठ दिवस! विंडोज सर्व्हरचं डिफॉल्ट, कुणी हातच लावलेला नाही. तासाभराच्या मीटिंगला आलेला माणूस पत्ता आठ दिवस अडवून बसतो, कारण जाताना फोन काही पत्ता परत करून जात नाही.

ऑफिसात प्रयोग करायची सोय नाही, म्हणून घरच्या जुन्या लॅपटॉपवर किआ (गाडी नव्हे, डीएचसीपी सर्व्हर) चढवला. एक दिवस म्हणजे एक मिनिट, असं प्रमाण धरलं. लीझ ८ मिनिटं, आणि किआसोबतच येणाऱ्या परफडीएचसीपी या चाचणीच्या साधनानं दर मिनिटाला ९० खोटे पाहुणे सोडायचे.

पहिल्या रात्री वाटलेल्या पत्त्यांचा आकडा ९० वर गेला आणि तिथंच थांबला. वीस मिनिटं मी खूश! मग लक्षात आलं, दर खेपेला मॅकची सुरुवात बदलायची राहिली होती. तेच ९० जण पुन्हा पुन्हा येऊन आपापला जुना पत्ता घेऊन जात होते. स्क्रिप्ट सुधारली, लीझ फाइल पुसली, पुन्हा चालवलं. ९०, १८०, २७०... सहाव्या मिनिटाला पूल गच्च. ९० गुणिले ६ म्हणजे ५४०, हे कागदावर आधीच कळायला हवं होतं, पण लॉगमध्ये नकारांची रांग बघायची मजा वेगळी.

मग लीझ पाच सेकंद केली, म्हणजे ऑफिसच्या हिशेबात दोन तास. आकडा ९० च्या वर गेलाच नाही. बसून असलेल्या पाहुण्याचं काही अडत नाही, त्याचा फोन निम्मी मुदत सरली की स्वतःच नूतनीकरण करून घेतो.

सरांना ग्राफ दाखवला, रविवारी बदल केला. सोमवारी दुपारी पुन्हा फोन : “काय रे, झालं होतं ना?” लॅबमध्ये मी लीझ फाइल पुसून सुरुवात केली होती, इथं मात्र जुन्या लीझ आपले आठ दिवस पुरे करत बसल्या होत्या. चहा बाजूला ठेवून हातानं चारशेच्या वर नोंदी उडवल्या. मंगळवारी फोन आला नाही.

पुढच्या वेळी : पूलच्या मधोमध स्टॅटिक (हातानं कायमचा दिलेला) पत्ता घेऊन बसलेला अकाउंट्सचा प्रिंटर.