मनगटाचे एक्स-रे वाचायला मॉडेलला शिकवताना

माझा धाकटा भाऊ दुचाकीवरून घसरून हातावर पडला, तेव्हा एक्स-रेत काहीच दिसत नाही म्हणून गोळ्या देऊन त्याला घरी पाठवण्यात आले. अंगठ्याच्या मुळाशी ठणका थांबेना, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढला, तर स्कॅफॉइड या मनगटातल्या लहानशा हाडाला तडा गेलेला स्पष्ट दिसला. पुढे एम.टेक.च्या प्रकल्पासाठी विषय निवडायची वेळ आली, तेव्हा मला फार शोधाशोध करावी लागली नाही. मनगटाच्या एक्स-रेतले फ्रॅक्चर ओळखायला एका मॉडेलला, म्हणजे उदाहरणे पाहून शिकणाऱ्या संगणक प्रोग्रामला, शिकवायचे मी ठरवले.

स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१८ मध्ये खुला केलेला ‘मुरा’ हा संग्रह मी वापरला. त्यात खांद्यापासून बोटांपर्यंतच्या हाडांचे ४०,५६१ एक्स-रे असून त्यांतले मनगटाचे तेवढे मी वेगळे काढले. पहिल्या काही दिवसांतच मॉडेलची अचूकता इतकी वर गेली की मलाच शंका आली. तपासल्यावर कळले, की शिकवण्याचा आणि चाचणीचा असे दोन गट पाडताना मी रुग्णांची नव्हे, तर सुट्या चित्रांची विभागणी केली होती. त्यामुळे एकाच रुग्णाचा समोरून घेतलेला एक्स-रे एका गटात आणि बाजूने घेतलेला दुसऱ्या गटात गेला होता, म्हणजे चाचणीतले काही रुग्ण मॉडेलने शिकतानाच पाहिलेले होते. रुग्णांनुसार नव्याने विभागणी केली आणि आकडा खाली आला, पण आता तो खरा होता.

त्याहून मोठा धडा उष्णता-नकाशाने दिला. मॉडेल निर्णय घेताना चित्राच्या कोणत्या भागावर भर देते, ते या नकाशात रंगांनी दिसते. एका एक्स-रेवर हाडाला बसवलेली धातूची पट्टी आणि तिचे स्क्रू लालभडक झाले होते, तर दुसऱ्यावर कोपऱ्यातले डावा-उजवा हात दाखवणारे शिशाचे अक्षर. ‘मुरा’मधली नोंद फक्त ‘सामान्य’ किंवा ‘असामान्य’ एवढीच आहे. असामान्यमध्ये फ्रॅक्चरबरोबर पट्ट्या, स्क्रू आणि सांध्यांची झीजही येते. म्हणजे फ्रॅक्चर ओळखायला शिकवतो आहे असे समजून मी बऱ्याच अंशी स्क्रू ओळखायलाच शिकवत होतो. मार्गदर्शक म्हणून लाभलेल्या रेडिओलॉजिस्ट मॅडमनी रोज संध्याकाळी माझ्याशेजारी बसून शेकडो चित्रांवर तड्याभोवती चौकटी आखून दिल्या, तेव्हा कुठे नकाशातला लाल रंग हाडाच्या रेघेवर सरकला. चित्रे लहान करून वापरल्याने केसाएवढे तडे पुसले जातात, हेही त्यांनीच दाखवून दिले. चित्रांचा आकार वाढवल्यावर प्रशिक्षणाला कित्येक पट वेळ लागू लागला, पण त्याला इलाज नव्हता.

शेवटी भावाचे दोन्ही एक्स-रे मॉडेलला दिले. दुसऱ्यावर त्याने अचूक बोट ठेवले. पहिल्याला ‘सामान्य’ म्हटले. मॅडमनी तो पहिला एक्स-रे बराच वेळ निरखला आणि त्यांनाही त्यात रेघ सापडली नाही. अशा वेळी अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यात दाबून पाहावे, दुखत असेल तर एक्स-रे काही म्हणो, हात प्लॅस्टरमध्ये ठेवून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढावा, असे त्यांनी सांगितले. माझ्या मॉडेलच्या निकालाखाली मी आता ही सूचना जोडली आहे.