समुद्राला न मिळणारे पाणी : टिटिकाका

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून टिपलेली टिटिकाका सरोवराची छायाचित्रे मी पुन्हा पुन्हा उघडून पाहतो. सुमारे 400 किलोमीटर उंचीवरून तपकिरी, कोरड्या पठारावर पसरलेले गडद निळे पाणी दिसते, त्याच्या पूर्वेला कोर्दियेरा रिआल पर्वतरांगेची हिमशिखरे आणि त्यांच्या पलीकडे ॲमेझॉनच्या उतारावर दाटलेले ढग. पेरू आणि बोलिव्हिया यांच्या सीमेवरचे हे पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे 3,810 मीटर उंचीवर आहे, हे मात्र चित्रावरून मुळीच कळत नाही.

गोव्याचे क्षेत्रफळ 3,702 चौरस किलोमीटर आणि या सरोवराचे 8,000 चौरस किलोमीटरहून अधिक. म्हणजे आपल्या पेडण्यापासून काणकोणपर्यंतचा सारा मुलूख त्यात दोनदा मावेल. गोवा विषुववृत्ताच्या उत्तरेला जवळपास 15 अंशांवर आहे, तर टिटिकाका दक्षिणेला 16 अंशांच्या आसपास. दोन्हीकडे वर्षातून पावसाचा एकच मोठा हंगाम असतो. आपला जून ते सप्टेंबर, तिथला डिसेंबर ते मार्च.

पडलेल्या पावसाचे पुढे काय होते, यात मात्र मोठा फरक आहे. सह्याद्रीत कोसळलेले पाणी सत्तरीतून म्हादईच्या पात्राने खाली येते आणि पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. पाण्याने समुद्राकडेच जायचे, हे आपण इतके गृहीत धरतो की त्याचा वेगळा विचार करत नाही. टिटिकाकाला वीसहून अधिक नद्या मिळतात आणि बाहेर पडते ती एकटी देसाग्वादेरो, तीही समुद्रापर्यंत न पोहोचता पठारावरच दक्षिणेकडे जाते. तिच्यावाटे जाणारे पाणी एकूण आवकेच्या दहाव्या हिश्श्याइतकेच भरते, बाकीचे जवळजवळ सगळे विरळ हवा, प्रखर ऊन आणि कोरडे वारे यांमुळे वाफ होऊन निघून जाते. म्हणूनच पावसाचे एक-दोन हंगाम हुकले, तर एवढ्या विशाल सरोवराचीही पातळी खालावते.

छायाचित्रात माझी नजर मुख्य सरोवरावर फार वेळ राहत नाही. त्याची खोली 280 मीटरपर्यंत जाते. पाणी थोडे उतरले तरी वरून त्याचा आकार फारसा बदललेला दिसत नाही. दक्षिणेचा लहान भाग, विन्यायमार्का, मात्र उथळ आहे, आणि पातळी उतरली की त्याचा काठ लगेच मागे सरकतो. हे दोन भाग तिकिनाच्या अरुंद सामुद्रधुनीने जोडलेले आहेत. तिथे बसगाड्या लाकडी तराफ्यांवर चढवून पलीकडे नेतात आणि प्रवासी वेगळ्या होडीतून जातात; दिवाडी-चोडणच्या फेरीबोटींवर वाढलेल्या माणसाला ते दृश्य परके वाटू नये. काठालगत जी हिरवट किनार दिसते, ती बरीचशी तोतोरा नावाच्या लव्हाळ्याची. पेरूच्या बाजूला, पुनोजवळ, उरू लोक याच लव्हाळ्याचे थर एकावर एक रचून तरंगती बेटे बांधतात. तळचे थर कुजत जातात, म्हणून वरून सतत नवे घालावे लागतात. पुनोच्या आतल्या उपसागरातला हिरवेपणा मात्र निराळा आहे. शहराच्या सांडपाण्यावर पोसलेली शेवाळे आणि पाणवनस्पती तिथे माजतात. निसर्गाची किनार आणि माणसाची घाण वरून एकाच रंगात दिसावीत, याचे मला मनापासून दुःख होते.

देसाग्वादेरोच्या वाटेवरच्या पोओपो सरोवराचे पुढे काय झाले, हे उपग्रहांनी वर्षागणिक टिपले आहे. बोलिव्हियातले हे दुसऱ्या क्रमांकाचे सरोवर 2015 च्या अखेरीस जवळजवळ पूर्ण आटले. दुष्काळ आणि वाढते तापमान ही कारणे होतीच, पण वळवलेले पाणी आणि खाणींमधून येणारा गाळही होता. डिचोली-सत्तरीच्या शेतांत खाणीची माती उतरताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यातले शेवटचे कारण समजावून सांगावे लागणार नाही.

टिटिकाका पोओपोच्या मानाने कितीतरी खोल आहे. ते तसे आटेल, असे मी म्हणत नाही. तरीही 2023 च्या दुष्काळात पाणी इतके उतरले की काठावरच्या होड्या कोरड्या चिखलात बसल्या आणि तोतोराची शेते वाळली. त्यामुळे नवे छायाचित्र हाती आले की मी आधी महिना पाहतो, कारण मार्चमधल्या आणि नोव्हेंबरमधल्या पाण्याची तुलना करणे चूक ठरेल, आणि मग त्याच महिन्याच्या जुन्या चित्राशेजारी ठेवून विन्यायमार्काचा काठ ताडून बघतो.