स्मिथफील्ड : एव्हा गार्डनरचं गाव

रॅलेहून आग्नेयेला गाडी काढली की पाऊण तासाच्या आत स्मिथफील्ड येतं. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातला हा सपाट, तंबाखूचा मुलूख. आय-९५ महामार्गावरून पुष्कळ लोक या गावाला वळसा घालून पुढे जातात. मला मात्र इथेच यायचं होतं. मार्केट स्ट्रीटवर हॉलिवूडची नटी एव्हा गार्डनर हिचं संग्रहालय आहे.

एव्हाचा जन्म जवळच्याच ग्रॅबटाउन वस्तीतला, २४ डिसेंबर १९२२चा. तंबाखू पिकवणाऱ्या घरातलं सातवं मूल, शेंडेफळ. पुढे तिची आई मॉली ब्रॉग्डन नावाच्या वस्तीत शिक्षिकांचं वसतिगृह चालवू लागली. रांधणं, झाडलोट सगळं तिच्याच अंगावर. १९३८ साली वडील गेले.

थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने न्यूयॉर्कमधल्या आपल्या फोटो स्टुडिओच्या काचेत मेहुणीचा फोटो लावला आणि त्यातून १९४१ मध्ये एमजीएम या चित्रपट कंपनीची स्क्रीन टेस्ट झाली. ती टेस्ट हॉलिवूडला आवाजाशिवाय पाठवली गेली, कारण एव्हाचे दक्षिणी हेल. आठवड्याला ५० डॉलरचा करार मिळाला आणि लगेच ते हेल घालवायची शिकवणी सुरू झाली. मला हे फार लागलं. संग्रहालयात तिकीट देणाऱ्या बाई त्याच संथ, लांबवलेल्या बोलीत माझ्याशी बोलत होत्या, आणि ती बोली कानाला किती गोड लागते!

हा संग्रह मुळात टॉम बँक्स यांचा. एव्हा विल्सन गावातल्या कॉलेजात सेक्रेटरीचं काम शिकत होती तेव्हा हा बारा वर्षांचा पोरगा तिथल्या मुलींना चिडवायचा. एकदा तिने त्याला पळत जाऊन गाठलं आणि त्याच्या गालाचा मुका घेतला. पुढे ती नटी झाल्याचं कळलं, आणि त्याने तिच्याविषयी मिळेल ते जन्मभर जमवलं.

तिच्या तीन लग्नांवर, त्यातही गायक फ्रँक सिनात्राशी झालेल्या लग्नावर, भरपूर लिहिलं गेलंय. मला तिचं काम मोठं वाटतं. ‘द किलर्स’ने (१९४६) तिला नाव दिलं, ‘मोगॅम्बो’ने ऑस्करचं नामांकन. ‘भोवानी जंक्शन’मध्ये (१९५६) ती फाळणीच्या उंबरठ्यावरच्या हिंदुस्थानातली अँग्लो-इंडियन मुलगी आहे. त्याचं चित्रीकरण लाहोरला झालं. दोन्हीकडून परकी ठरणाऱ्या त्या मुलीची तगमग तिने मनापासून उभी केली आहे.

१९५५च्या सुमारास ती स्पेनला गेली, १९६८ मध्ये लंडनला. तिथेच २५ जानेवारी १९९० रोजी वारली. पुरलं मात्र स्मिथफील्डच्या सनसेट मेमोरियल पार्कमध्ये, आईवडिलांजवळ. तिथे जरूर जा.

आणि जाण्याआधी ‘शो बोट’ची (१९५१) गाणी ऐका. चित्रपटात स्टुडिओने तिच्या तोंडी अ‍ॅनेट वॉरनचा आवाज घातला. रेकॉर्डवर मात्र एव्हा स्वतः गाते. आवाज तयारीचा नाही, पण त्यातलं दुःख खरं वाटतं. मला तीच गाणी जास्त आवडतात.