बोट वाकडंय हे दिसतंय, पण ते सरळ होतंय का?

पायाचं बोट वाकडं दिसायला लागलं की लोक आधी काय करतात, तर ऑनलाइन तो सिलिकॉनचा स्पेसर नाहीतर रात्री बांधायचा पट्टा मागवतात. मागवा, बोटं एकमेकांवर घासायची तरी थांबतात, पण मोठ्या माणसाचं बोट त्याने कायमचं सरळ होत नाही, पट्टा काढला की पुन्हा पहिल्यासारखंच.

खरी गोष्ट बघायची ती वेगळीच. बोट हाताने अलगद सरळ करा, होतंय का? डॉक्टरही चवड्याखालून दाबून हेच बघतात. होत असेल तर पुढून रुंद बूट, पॅड, टेप, पोटरीचं स्ट्रेचिंग यावर बऱ्याच जणांचं भागतं. सांधा कडक झाला असेल तर मात्र व्यायामाने मोकळा होईल ही आशा सोडा, तिथे बोटाला जागा देणारे बूट घ्यायचे आणि तरी दुखत असेल तर ऑपरेशनचं बोलायचं.

आणि दुसरं बोट वाकलं म्हणजे दोष त्याचाच असतो असं नाही हं, कितीदा अंगठाच तिरका होऊन त्याला ढकलत असतो (त्या बनियनमुळे, म्हणजे अंगठ्याच्या मुळाशी सांधा बाहेर येऊन गाठ दिसते ना, ती), मग बिचारं मधल्या सांध्यात वाकतं, वर बुटाला घासून त्यावर कुरूप (कॉर्न) होतं आणि आपण कॉर्नकॅप लावत बसतो. सगळीच बोटं नख्यांसारखी आत वळत असतील तर नसांची (मज्जातंतूंची) तपासणी करून घ्या.

एक्स-रे उभं राहून, पायावर वजन टाकूनच काढायचा, झोपून काढला तर तिरकेपणा कमी दिसू शकतो. अंगठ्याचा कोन (तो बाकीच्या बोटांकडे किती झुकलाय ते) साधारण 15 अंशांपर्यंत नॉर्मल, 40 च्या वर गेला तर जास्तच. पण नुसता कोन बघून किंवा सँडलमध्ये पाय चांगला दिसावा म्हणून ऑपरेशन करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, दुखतंय आणि चालणं अडतंय हे खरं कारण. हाड कापून सरळ करतात, काही वेळा सांधाच जोडून टाकतात, आणि सूज पुढे कित्येक महिने रेंगाळते, हे आधी कुणी नीट सांगत नाही.

अंगठा एका रात्रीत लाल, गरम होऊन ठणकायला लागला तर तो बहुतेक गाऊट (युरिक अ‍ॅसिडमुळे सांधा सुजतो तो), किंवा इन्फेक्शनही असू शकतं, तेव्हा लगेच दाखवा. आणि डायबिटीस असेल तर कुरपावर ब्लेड अजिबात चालवू नका, बधिर पायाला कापलेलं कळतसुद्धा नाही.