आई कुणाकडे असते?

परवा आईला फोन केला तेव्हा ती नुकतीच भाजी घेऊन वर आली होती. दम लागल्यामुळे दोन मिनिटं नुसतंच ‘हं, हं’ करत होती. आमची डोंबिवलीची बिल्डिंग १९८४ची. तळमजला अधिक तीन मजले, लिफ्ट नाही. आमच्या दारापर्यंत ५४ पायऱ्या आहेत. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक प्लास्टिकची खुर्ची असते. ती कुणी ठेवली ते कुणालाच माहीत नाही आणि ती कुणी हलवतही नाही. रीडेव्हलपमेंटची मीटिंग २०१६पासून ‘येत्या रविवारी’ आहे.

आपल्याकडे घरातल्या म्हाताऱ्या माणसाबद्दल पहिला प्रश्न ठरलेला असतो: “आई कुणाकडे असते?” बाबा गेल्यापासून मला तो दर सुट्टीत किमान दहा जण विचारतात. आई डोंबिवलीला आपल्या स्वतःच्या घरी असते हे उत्तर कुणाला पटत नाही. “म्हणजे एकटीच?” असं म्हणून लोक माझ्याकडे आणि पुण्याच्या दादाकडे आळीपाळीने बघतात.

हाच प्रश्न मी एकदा इथे, नेदरलँड्समधल्या हार्लेममध्ये, शेजारच्या आजींच्या मुलीला विचारून बसले होते. तेव्हा माझं डच नवं होतं, म्हणून तिला वाटलं मी क्रियापद चुकवलं. “कुणाकडे म्हणजे? आई घरी असते.”

आजींचं घर म्हणजे आमच्या इथल्या घरासारखंच, एका रांगेतलं, भिंतीला भिंत. खाली बैठक आणि स्वयंपाकघर, वर झोपायच्या खोल्या आणि बाथरूम, मध्ये जिना. डच जिना ज्यांनी पाहिला नाही त्यांनी शिडी डोळ्यांसमोर आणावी आणि तिला जरा वळण द्यावं. पायरीवर माझं अर्धंच पाऊल मावतं. पहिल्या वर्षी मी उतरताना तोंड भिंतीकडे करून, उलटी उतरायचे. आजी मात्र ८१व्या वर्षीही कपड्यांची बास्केट घेऊन सुळकन वर जायच्या. मग एका हिवाळ्यात खुब्याचं ऑपरेशन झालं आणि पालिकेची बाई त्यांच्या घरी आली.

या भेटीला इथे चक्क ‘स्वयंपाकघराच्या टेबलावरचं बोलणं’ म्हणतात. २०१५पासून घरच्या मदतीची आणखी जबाबदारी पालिकांकडे आली. तेव्हापासून माणूस घरी येऊन, टेबलाशी बसून विचारतो: तुम्हाला स्वतःला काय काय जमतं? मुलं काय करू शकतील? शेजारी? या बोलण्याला खरं तर मुलगी हजर हवी होती, पण ती ऑफिसात अडकली, म्हणून मी बसले होते. ‘शेजारी?’ म्हणताना बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पेन उघडलं. कचऱ्याचा डबा बुधवारी मी बाहेर काढेन, हे माझ्याकडून तिथल्या तिथे लिहून घेतलं गेलं. डोंबिवलीत हे काम मी न विचारता केलं असतं, पण कागदावर आलं म्हणून चार वर्षांत एकही बुधवार चुकला नाही, हेही खरं.

महिनाभरात जिन्याला रूळ बसला आणि रुळावर खुर्ची. पट्टा लावायचा, हाताशी असलेली कळ दाबून धरायची की खुर्ची घूं घूं करत वर जाते. इतकी सावकाश की तळापासून वरपर्यंत एक अख्खं गाणं म्हणून होतं. आजी मांडीवर कपड्यांची बास्केट घेऊन बसायच्या आणि मी खालून टाटा करायचे. खुर्ची पालिकेची, वापरापुरती दिलेली. गरज संपली की परत.

मी विचारलं, लहान घरात का जात नाही? त्या म्हणाल्या, “घराचं कर्ज फिटलंय. नवा फ्लॅट भाड्याने घेतला तर आत्ताच्या दुप्पट खर्च. शिवाय मला म्हाताऱ्यांच्यात राहायचं नाही.” वय तेव्हा ८३.

गंमत अशी की त्यांच्या आईला कुणी असं विचारलंच नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतर या देशात घरांचा इतका तुटवडा होता की लग्न झालेली जोडपी आईबापांच्या घरात एका खोलीत राहायची. मग सरकारने वृद्धांसाठी मोठमोठी निवासं बांधली: तुम्ही इकडे या, घर तरुणांना सोडा. साठ-सत्तरच्या दशकांत धडधाकट माणसंही पासष्टीनंतर सामान बांधून तिथे जायची. जेवण तयार, न्हावी खाली, बुधवारी बिंगो. खर्चायला पेन्शन होतंच. विलेम द्रेस यांनी १९४७ साली मंत्री असताना तात्पुरता कायदा आणला, १९५७पासून ते सगळ्यांना कायमचं लागू झालं. लोक पेन्शन घेण्याला ‘द्रेसकडून घेणं’ म्हणायचे. आपल्याकडे ‘मुलगा बघतो’ म्हणतात, तिथे इथे द्रेस बघायचा. त्याआधी इथलेही म्हातारे मुलांच्याच दारात असायचे, नाहीतर चर्चच्या, हे आपण ‘त्यांची संस्कृतीच वेगळी’ म्हणताना विसरतो.

पुढे हे सगळं परवडेना. २०१३पासून कमी मदत लागणाऱ्यांना निवासात नव्याने घेणं बंद झालं आणि एकामागून एक इमारती बंद पडल्या. आता नर्सिंग होममध्ये जागा मिळते ती चोवीस तास कुणीतरी लागत असेल तरच. बाकीच्यांनी घरीच राहायचं. पण घरात जिना! आणि चार खोल्यांच्या घरात एकटी आजी असताना दोन पोरांचं कुटुंब एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये अडकून पडतं. म्हणून सरकार पुन्हा तेच म्हणायला लागलंय: तुम्ही हला, म्हणजे मागचे पुढे सरकतील. २०२२ साली ठरलं की २०३०पर्यंत वृद्धांना सोयीची २,९०,००० घरं उभी करायची. त्यातल्या बहुतेकांना जो शब्द आहे तो मला फार आवडतो: ‘शून्य-पायरी घर’. आईला सांगितला तर म्हणाली, “म्हणजे चाळीतली तळमजल्याची खोली. आम्ही सोडून आलो ती.”

लोकांनी स्वतःहून काढलेल्या वाटा जास्त मजेच्या आहेत. हार्लेममध्ये ‘होफ्ये’ नावाची जुनी प्रांगणं आहेत: मध्ये बाग, विहीर किंवा पंप, भोवती खेळण्यातली वाटावीत अशी घरं. बाकेनेस होफ्ये १३९५चं, एका श्रीमंताने एकट्या बायकांसाठी बांधलेलं. बऱ्याच होफ्यांत आजही एकट्या बायकाच राहतात. पर्यटक खिडकीत डोकावतात तेव्हा आतून पडदा ओढला जातो, मी एकदा स्वतः ओढवून घेतला आहे. याच नमुन्यावर झ्वोलं शहरात २०१८ साली ‘क्नारनहोफ’ उभं राहिलं. ‘क्नार’ म्हणजे आपल्या भाषेत थेरडा. नाव त्यांनी हौसेने घेतलंय. प्रत्येकाला स्वतःचं दार, स्वतःचं स्वयंपाकघर, पण बाग एक, आणि सकाळी पडदा उघडला नाही तर समोरचा येऊन टकटक करणार. अशा ठिकाणी घर मिळावं म्हणून थांबलेल्यांच्या यादीत आता हजारो नावं आहेत. डेव्हेंटरच्या एका वृद्धनिवासात विद्यार्थ्यांना फुकट खोली मिळते, बदल्यात महिन्याला ३० तास ‘चांगला शेजारी’ म्हणून वागायचं.

हेगला सुरिनामी हिंदुस्थानी म्हाताऱ्यांचे गट एका इमारतीत, आपापल्या फ्लॅटमध्ये पण एका सामायिक खोलीभोवती राहतात. यांचे पणजोबा १८७३पासून भोजपुरी मुलखातून सुरिनामला, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या तेव्हाच्या डच वसाहतीत, मजूर म्हणून गेले, आणि १९७५च्या सुमाराला ही मंडळी इथे आली. मी एका मैत्रिणीच्या आजोळी गेले होते. सामायिक खोलीत डाळ शिजत होती, एक आजोबा तबल्यावर पावडर लावत होते. मुलंबाळं त्याच शहरात, रविवारी येणारी. त्यातल्या एका आजीने मला विचारलं, “तोहार माई कहाँ रहे?” ‘कुणाकडे’ नाही, ‘कुठे’. मला उगाच बरं वाटलं.

आईला इकडे आण, असं सांगणाऱ्यांसाठी: व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस. त्यापलीकडे आईवडिलांना कायमचं आणायची सोपी सोय इथे नाही. दादाकडे बाणेरला लिफ्ट आहे, जॉगिंग ट्रॅक आहे, सगळं आहे. आई पंधरा दिवस राहते आणि सोळाव्या दिवशी तिला डोंबिवलीत बँकेचं काम निघतं. गेल्या दिवाळीत दादाने तिला पुण्याजवळचा एक ज्येष्ठांसाठीचा प्रकल्प दाखवला. जाताना गाडीत ती गप्प होती, कारण तिच्या डोक्यात एकच शब्द, वृद्धाश्रम. तिथे दाराला उंबरा नव्हता, संडासात दांडी होती, पलंगाशी घंटेची दोरी. तिने सगळं पाहिलं आणि दाखवणाऱ्या मुलाला एकच प्रश्न विचारला: “पाहुणे आले तर चहा माझा मी करायचा ना?” तो म्हणाला, मावशी, ओटा आहे ना. तेव्हापासून ती त्या जागेबद्दल वाईट बोललेली नाही. चांगलंही नाही. पण दादाकडून माहितीपुस्तक मागून घेतलंय, आणि ते ज्ञानेश्वरीखाली ठेवलेलं असतं.

शेजारच्या आजींचा नंबर या मार्चमध्ये लागला. नाव नोंदवून सहा वर्षं झाली होती. चार गल्ल्या पलीकडे, दुसरा मजला, लिफ्ट, खाली सगळ्यांची एक बैठक. ‘म्हाताऱ्यांच्यात’ राहण्याबद्दल विचारलं तर म्हणाल्या, तिथे ९४ वर्षांचे एक गृहस्थ आहेत, म्हणजे मी तरुणच. सामान जिन्यातून येईना, म्हणून बाहेरून शिडीसारखी लिफ्ट लावून कपाट खिडकीतून काढलं. आजी रस्त्यात कोट घालून उभ्या राहून सूचना देत होत्या.

दुसऱ्या दिवशी दोन माणसं खुर्ची न्यायला आली. अर्ध्या तासात रूळ सुटला. आता तो दुसऱ्या कुणाच्या तरी जिन्याला बसेल. पायऱ्यांवर तेवढी स्क्रूची भोकं राहिली, आणि घर घेतलेल्या जोडप्याची लहान मुलगी त्या भोकांत पेन्सिल घालून बघत होती. मी फोटो काढून आईला पाठवला.

तिचं उत्तर संध्याकाळी आलं: “आपल्या जिन्यातल्या खुर्चीचा पाय मोडला. नवी आणायचीय, वर्गणी काढतायत. मी हात असलेली सांगितलीय.”