दोनच सीट

‘एवढं वेड होतं तर गाडी विकली का? आणि विकलीच, तर माझ्दाची मियाटा बरी की बीएमडब्ल्यूची झेड-फोर हे अजून का सांगत बसता?’ फोंड्यात कुठल्याही लग्नाच्या पंगतीला मला हे विचारलं जातं. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाचं लिहितो.

माझी सॅन स्टॉर्म होती, छत उघडणारी दोन सीटची छोटी गाडी. फायबरची बॉडी, रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन, साठेक हॉर्सपॉवर. ‘यात ताकद कुठाय?’ असं म्हणणारे होंडाच्या एस-२००० चे २४० हॉर्सपॉवर आणि ९००० आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला नऊ हजार फेरे, सांगायचे. बोरीच्या वळणांवर ते नऊ हजार वापरणार कुठे? उघड्या छोट्या गाडीत वजन कमी हवं, बाकी सगळं नंतर. मस्कतला असताना दोन वर्षं मी पहिली मियाटा चालवली, १९८९ साली आलेलं मॉडेल. वजन टनाच्या आत, ताकद मागच्या चाकांना. वळणात चाकं काय करताहेत ते स्टीअरिंगवरच्या हाताला कळतं. मित्राची झेड-फोर वेगवान, भरभक्कम, पण रस्ता हाताला लागूच देत नव्हती. स्टॉर्मची ताकद पुढच्या चाकांना, त्यामुळे मियाटाची मजा तिच्यात नव्हती, हे कबूल. पण हलकी होती, आणि माझी होती.

२००५ चा जुलै. रात्री दीडला बाबांच्या छातीत कळ आली. १०८ तेव्हा गोव्यात सुरू झाली नव्हती. शेजाऱ्यांची जीप बाहेरगावी. अंगणात फक्त स्टॉर्म. बाबांना वाकून त्या खोल सीटमध्ये शिरता येईना. गुडघा आत जाई, डोकं छताला अडे. शेवटी भर पावसात मी छत उघडलं. आईने छत्री धरली, मी काखेत हात घालून त्यांना वरून खाली बसवलं. छत परत ओढून लावेपर्यंत त्यांचा सदरा, सीट, सगळं चिंब.

आई दार धरून उभी होती. ‘मी कुठे बसू?’

मी दार लावून घेतलं. वळताना आरशात दिसली, छत्री हातात तशीच खाली सोडलेली, अंगावर पाऊस. वाटेत कुंडईला बाबा एवढंच म्हणाले, ‘तिला आणायला हवं होतं.’ आई सकाळच्या पहिल्या बसने बांबोळीच्या हॉस्पिटलात पोचली. तोवर बाबा गेले होते.

महिन्याभरात गाडी विकली. चार सीट असत्या तर बाबा वाचले असते, असं कुणी म्हणालं नाही, मीही म्हणत नाही. पण आई त्यांच्याजवळ असती. गाडी घेताना मीच तिला म्हणालो होतो, ‘दोघांपुरती पुरे, तिसऱ्याला पायलट मिळतो.’ पायलट म्हणजे आमच्याकडची मोटरसायकल टॅक्सी. तेव्हाच्या माझ्यावर आज चिडतो, आणि लगेच त्याची बाजूही घेतो. छत उघडून पहाटे दोना पावलाला जाताना तो सुखी होता, ते सुख काही खोटं नव्हतं.

मियाटा भारतात कधी विकायला आलीच नाही. गेल्या महिन्यात पुण्यात एक जुनी झेड-फोर होती. जाऊन बसून आलो, छतही उघडून पाहिलं. आईला अजून सांगितलेलं नाही.